हिंगोली ते औंढा, एक हाफ

सव्वानऊची गाडी फलाटाला लागते न लागते, तोच माझा हातरुमाल खिडकीतून आत पडलेला असतो. पदर खोचायचा, पर्स काखेत दाबायची, टाचा उंच करायच्या आणि बेताने रुमाल सोडायचा. जोरात टाकला तर तो पलीकडच्या बाकावर जातो आणि तिथला माणूस झटकून खाली टाकतो. बी. ए.ला मी मराठी घेतलं होतं. त्यात हा भाग नव्हता. पण जवळजवळ चार वर्षं रोजचा सराव झाल्यावर आता नेम चुकत नाही. ड्रायव्हरच्या मागून चौथी, डाव्या हाताची खिडकी. हिंगोली ते औंढा नागनाथ, पंचवीसेक किलोमीटर. जाऊन-येऊन दीड-पावणेदोन तास ती खिडकी माझी.

तुमच्यापैकी किती जणी असं ‘अप-डाऊन’ करत असतील कोण जाणे. हा आमच्याकडचा शब्द. स्थळ आलं की मुलीकडचे पहिल्यांदा हेच विचारतात, ‘‘मुलगा नोकरीच्या गावी राहतो, की अप-डाऊन करतो?’’ मास्तर, ग्रामसेवक, नर्सबाई, बँकेतले कारकून, कोर्टातले टायपिस्ट, सगळे सकाळी एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात आणि संध्याकाळी परत येतात. मुंबईच्या लोकलमधल्या बायकांविषयी आपण पुष्कळ वाचतो. त्यांचं डब्यातलं हळदीकुंकू, त्यांची भजनं, त्यांची भांडणं! आमच्या हिंगोलीला लोकल नाही. रेल्वे आहे, आणि स्टेशनच्या पाटीवर मोठ्या ऐटीत ‘हिंगोली डेक्कन’ असं लिहिलेलंही आहे. मी शाळेत असताना तिथून लहान रुळांची गाडी डुलत डुलत जायची, आता रूळ मोठे झाले. पण अकोला-पूर्णा मार्गावरच्या त्या गाड्यांच्या वेळा त्यांच्या सोयीच्या, आणि औंढा काही त्या रुळांवर नाही. तेव्हा आम्हाला आपली लाल परीच बरी.

गावाविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण ‘हिंगोली’ म्हटलं की पुण्या-मुंबईच्या बायका ‘‘परभणीच्या तिकडे का?’’ असं विचारतात. त्यांचं चुकत नाही. १ मे १९९९ पर्यंत आम्ही परभणी जिल्ह्यातच होतो. त्या दिवशी वेगळे झालो. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. निजामाच्या राज्यात इथं हैदराबाद कंटिन्जंटची लष्करी छावणी होती. ती १९०३ मध्ये उठली, पण वस्त्यांची नावं मात्र तशीच राहिली. तोफखाना, पलटण, रिसाला, पेन्शनपुरा. माझी एक मैत्रीण तोफखान्यात राहते आणि तिच्याएवढी शांत बाई सबंध गावात नाही.

तर ही माझी सव्वानऊची गाडी. ती गाठायची म्हणजे पहाटे पाचला उठणं आलं. नळाचं पाणी, भाजी, पोळ्या, ह्यांचा डबा, मुलाचा डबा, सासूबाईंची ज्वारीची भाकरी, ओटा पुसणं. या सगळ्यातून मी स्टँडवर येते तेव्हा वेणीची शेवटची पेडं रिक्षातच घातलेली असतात. स्टँडवर कंट्रोलच्या खिडकीतून घोषणा चाललेली असते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते त्या भोंग्यातून कधीच धड कळत नाही, पण आवाजाच्या चढउतारावरून आम्हा नेहमीच्या बायकांना बरोबर समजतं. मग रुमाल, मग दाराशी रेटारेटी, आणि मग एकदाची मी माझ्या खिडकीशी बसते. कंडक्टर दोनदा घंटी देतो. टिंग टिंग. गाडी हलते आणि पहाटे पाचपासून पहिल्यांदाच माझे दोन्ही हात मोकळे होतात.

खरं सांगू? मला ती दुहेरी घंटी फार आवडते.

कंडक्टर येतात. ‘‘औंढा, एक हाफ.’’ हे ‘हाफ’ आता तोंडात बसलं आहे, पण १७ मार्च २०२३ च्या आधी ते नव्हतं. त्या दिवसापासून महाराष्ट्रात एस. टी.च्या सर्व गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट झालं. पहिल्या आठवड्यातली गंमत मी कधी विसरणार नाही. पुढच्या बाकावरच्या एका आजीबाईंनी परत आलेले पैसे मोजले, पुन्हा मोजले आणि निम्मे कंडक्टरला परत देऊ लागल्या. ‘‘मास्तर, जास्त आले बघा तुमचे.’’ कंडक्टर म्हणाले, ‘‘आजी, आता बायकांना निम्मंच.’’ त्यावर आजी क्षणभर विचार करून म्हणाल्या, ‘‘आणि माणसायला?’’ ‘‘त्यांना पुरं.’’ सबंध गाडी हसली. आजींनी मात्र न हसता पैसे कनवटीला लावले.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? पण माझ्यासारखीच्या हिशेबात फार फरक पडतो. बी. एड. राहून गेलं. लग्न झालं, मूल झालं, पुढच्या वर्षी करू म्हणता म्हणता ते राहिलंच. तेव्हा पक्की नोकरी नाही, तासावर पैसे. औंढ्याच्या एका खासगी शाळेत मी तीन तास घेते, मराठीचे दोन आणि हिंदीचा एक. सुटीचे दिवस बिनपगारी. मी जून २०२२ मध्ये लागले तेव्हा ह्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला होता. मानधन इतकं, त्यातून गाडीभाडं इतकं, रिक्षा इतकी, चपला वर्षाला दोन जोड. उरलेल्या आकड्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या आणि काही न बोलता कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं. ते महिने मी त्या भिंतीकडे पाहायचीच नाही. पुढच्या मार्चात भाडं निम्मं झालं तेव्हा मी ते पान काढून आकडे दुरुस्त केले. उरलेली रक्कम अजूनही मोठी नव्हती, पण तिच्याकडे बघता येऊ लागलं.

एकदा अर्धं तिकीट झाल्यावर गाडीतली माणसंही बदलली. पूर्वी सकाळच्या गाडीत धोतरं, पायजमे, टोप्या जास्त. आता निम्म्याहून अधिक बायका असतात असा माझा आपला अंदाज. कुणी माहेरी निघालेली, कुणी डोळे तपासायला, कुणी बचत गटाच्या कामाला, कुणी नुसतीच लेकीला बघून यायला. पूर्वी अशा कामांना घरातल्या पुरुषाची सवड लागायची. नेहमीच्या आम्ही सहा-सात जणी आहोत. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई, एक अंगणवाडीच्या मावशी, तहसीलमधली एक नवी मुलगी, बांगड्यांचं गाठोडं घेऊन बाजाराला जाणाऱ्या एक चाची, आणि आणखी दोघी-तिघी. एकमेकींची आडनावं आम्हाला धड ठाऊक नाहीत. पण कुणाच्या सासऱ्यांना साखरेचा त्रास आहे आणि कुणाची नणंद महिनाभर ठाण मांडून बसली आहे, ते सगळं ठाऊक आहे. भांडणाऱ्या नणंदेची पुढची हकीकत ऐकायला मी एकदा अंगात कणकण असताना शाळेला गेले होते. ह्यांना सांगितलं की परीक्षा आहे.

आमच्या या पाऊण तासात किती कामं होतात म्हणून सांगू! मेथी निवडून होते. काड्या पिशवीत, पानं डब्यात. मटारच्या दिवसांत शेंगा सोलल्या जातात, पण एक लक्षात ठेवा, गाडी खड्ड्यातून जात असताना शेंग उघडू नका. दाणे पुढच्या माणसाच्या कॉलरात जातात. नर्सबाईंनी दोन हिवाळ्यांत क्रोशाचं एक सबंध तोरण विणलं. चाचींकडून मी आंबट चुक्याच्या भाजीत मूठभर हरभऱ्याची डाळ घालायला शिकले, आणि त्यांना मी येसराची कृती सांगितली. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ नि धने खमंग वेगवेगळे भाजायचे, मिरची-मसाला घालून दळायचं आणि बरणी भरून ठेवायची. अवेळी पाहुणा आला की दोन चमचे फोडणीत घालून आमटी तयार. अप-डाऊन करणारीच्या घरात येसराची बरणी रिकामी असता कामा नये. डब्याचंही तसंच. भाजीचा रस्सा गाडीत हमखास सांडतो. दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी कोरड्या फडक्यात बांधावी. दुपारपर्यंत मऊ राहतात आणि शेजारणीला द्यायलाही बऱ्या पडतात.

आणि काही दिवस असेही असतात की मी मेथी पिशवीतून काढतच नाही. नुसती बाहेर बघत बसते.

हिंगोली सुटली की कयाधू लागते. उन्हाळ्यात तिच्यात वाळू जास्त आणि पाणी कमी असतं, पण पुलावर गाडी आली की कुणी ना कुणी हात जोडतंच. याच नदीकाठी नर्सी हे संत नामदेवांचं गाव. पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना शेतं. पावसाळ्यात सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी. दिवाळीच्या पुढेमागे तुरीला फुलं येतात तेव्हा सगळं शिवार पिवळ्या ठिपक्यांच्या लुगड्यासारखं दिसतं. थंडीत ज्वारीची कणसं भरली की हुरड्याचा धूर. ऑक्टोबरात टोपल्या भरून सीताफळं गाडीत चढतात, आणि त्या टोपल्या कुणाच्या पायाशी ठेवायच्या यावरून रोज वाद होतो.

पण माझा आवडता काळ म्हणजे आत्ताचा, फेब्रुवारी-मार्चचा. हळदीचा. आमचा जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पाला कापून झालेला असतो, कंद खणून काढलेले असतात आणि शेताच्या बांधावर हळद शिजत असते. तिचा वास गाडीच्या खिडकीतून एकदम आत येतो. तो आपल्या फोडणीतल्या हळदीचा वास नव्हे. ओली माती, उकडलेलं रताळं आणि औषधाचा कडवटपणा, असं काहीतरी मिळून तो होतो. मावशींच्या शेतात दीड एकर हळद आहे. त्यांनी मला सांगितलं, की शिजलेल्या कंदात काडी सहज शिरली की उतरवायची. कमी शिजली तर रंग येत नाही आणि फार शिजली तर सत्त्व जातं. मग उन्हात पंधरा दिवस वाळवायची, मग पॉलिश. तुम्ही वर्षाची हळद घेत असाल तर पूड घेऊ नका, हळकुंडं घ्या. एक हळकुंड फरशीवर टाकून पाहा. टणकन वाजलं तर नीट वाळलेलं. मोडून पाहा, आतून नारिंगी हवं. मग दोन उन्हं द्या आणि ओळखीच्या गिरणीतून दळून आणा. मी दरवर्षी मावशींकडूनच घेते, आणि गाडीतच तोलून घेते. म्हणजे त्या हातानेच वजन सांगतात. घरी काट्यावर कधी कमी भरलेलं नाही.

औंढा जवळ येतं तसा रस्ता वर-खाली होऊ लागतो, टेकड्या दिसतात. गेली काही वर्षं गाडीत एक नवा विषय निघतो. इथंच, दुधाळ्याच्या शिवारात, ‘लायगो’ नावाची मोठी प्रयोगशाळा होते आहे. २०१६ मध्ये सरकारने तत्त्वतः होकार दिला आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६०० कोटींचा खर्च मंजूर केला. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांत लेसरचे किरण. आकाशात फार दूर कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर त्याची लहर पृथ्वीपर्यंत येते आणि त्या नळीची लांबी अणूच्या केंद्राहूनही कितीतरी कमी अंतराने बदलते, तेवढंसुद्धा मोजायचं! नववीच्या मुलांना हे सांगता यावं म्हणून मी वाचून ठेवलं आणि गाडीतही सांगितलं. अशा यंत्राला जमीन शांत लागते, फार हादरे नसलेली, म्हणून जागा फार पारखून घेतात. तेवढ्यात आमची गाडी एका खड्ड्यातून गेली आणि मावशींचा डबा टोपणासकट वर उडाला. ‘‘ही शांत जमीन?’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्या शास्त्रज्ञायला म्हणावं, एकदा आमच्या गाडीनं या.’’

मला तासाआधी पंधरा-वीस मिनिटं मिळतात. देवळात जाते. हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, आणि श्रावणी सोमवारी किंवा महाशिवरात्रीला इथं पाय ठेवायला जागा नसते. तुम्हाला यायचं असेल तर साध्या दिवशी, सकाळी या. भिंतींवरचं कोरीव काम खालून वर निवांत बघता येतं. हत्ती, नर्तकी, देवता. खालचा भाग जुना, काळ्या दगडाचा, हेमाडपंती. वरचं बांधकाम नंतरचं, ते अहिल्याबाई होळकरांनी करवलं असं सांगतात. दोन्हींतला फरक लहान मुलालाही दिसतो. गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्या उतरून, वाकून जावं लागतं, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी विचार करावा. नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे. नामदेवांना पुढून हाकललं म्हणून ते मागे जाऊन कीर्तन करू लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. मी ती दरवर्षी आठवीला सांगते. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, ‘‘बाई, मग नंदी का नाही फिरला?’’ मी म्हटलं, तो अप-डाऊन करणारा नव्हता.

या मुलीही गाडीनेच येतात. आसपासच्या खेड्यांतून, ‘मानव विकास’च्या निळ्या गाडीने नाहीतर आमच्या लाल गाडीने. शाळेसाठी मुलींना एस. टी.चा पास फुकट असतो आणि त्या योजनेला नाव अहिल्यादेवींचंच आहे. खाकी पिशवीत पास, पासवर फोटो, फोटोत तेल लावून चापून बसवलेले केस. मागच्या बाकावर बसून त्या रोज काहीतरी कुजबुजतात आणि मी वळले की गप्प होतात. मी न वळायला शिकले आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते सांगते.

या जानेवारीत आमच्याच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शाळेच्या बाई घरी आल्या. जूनपासून त्यांना मराठीला कुणी हवं होतं. मानधन माझ्या सध्याच्या पैशांपेक्षा थोडं अधिक. गाडीभाडं नाही, रिक्षा नाही. घरापासून चालत चार मिनिटं. ह्यांचा चेहरा उजळला. सासूबाई म्हणाल्या, ‘‘बरं झालं बाई, देवच पावला.’’ मी चहा टाकायला आत गेले, गॅस पेटवला आणि आधण न ठेवता तशीच उभी राहिले. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

हे लिहितानासुद्धा संकोच वाटतो. एका बाईला घराजवळ काम मिळतंय आणि तिला रडू येतंय ते गाडीच्या खिडकीसाठी! कुणाला सांगणार? ह्यांना कसं सांगू, की घरी मी सून आहे, आई आहे, तुमची बायको आहे, शाळेत बाई आहे, आणि मध्ये जो पाऊण तास जातो तेवढ्यात मी कुणीच नाही, आणि मला ते फार बरं वाटतं? फोनसुद्धा पर्सच्या तळाशी असतो. ‘गाडीच्या आवाजात ऐकू येत नाही’ हे कारण घरातल्या सगळ्यांनी मान्य केलं आहे. चार मिनिटांच्या रस्त्यावर कुठलं कारण सांगणार? मधल्या सुटीत घरी येऊन कुकर लावून जाता येईल, असं ह्यांनी त्याच संध्याकाळी सुचवलंही.

दुसरी बाजू मला दिसत नव्हती असं नाही. २०२५ च्या सप्टेंबरात पावसाने मराठवाड्यात धुमाकूळ घातला होता, तेव्हाची एक दुपार आहे. सकाळी मुलाच्या अंगात थोडी कसर होती. मी साखरपाण्यातून औषध देऊन निघाले. परतताना एका ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं आणि गाड्यांची रांग लागली. अडीच वाजता थांबलेली आमची गाडी सहा वाजता हलली. पाणी कमी होतंय का, हे बघायला माणसं छत्र्या घेऊन पुढे जात आणि मान हलवत परत येत. फोन लागेना. त्या दिवशी माझी खिडकी मला काही कामाची नव्हती. घरी पोचले तेव्हा मुलगा झोपला होता, कपाळावर ओली पट्टी होती, आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई त्याच्या उशाशी, पाठ टेकायलाही न उठता, बसलेल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, त्यांनी मला चहा दिला. हे फक्त ‘‘बघ,’’ एवढंच म्हणाले. तो शब्द मला अजून ऐकू येतो.

म्हणून मी ‘नाही’ही म्हणेना आणि ‘हो’ही म्हणेना. बाईंनी फेब्रुवारीअखेर उत्तर मागितलं होतं.

त्या महिन्यात सासूबाई एक दिवस म्हणाल्या, ‘‘नागनाथाला जाऊन कैक वर्षं झाली. तू जातीसच, मला ने.’’ बुधवार ठरला; ह्यांनी सुटी घेऊन मुलाकडे बघायचं. मी रुमाल टाकला, त्यांना खिडकी दिली. कंडक्टर आले तशा सासूबाईंनी आधारकार्ड पुढे केलं आणि म्हणाल्या, ‘‘वयाचं निम्मं, बाईमाणूस म्हणून निम्मं. म्हणजे माझं पाव झालं ना?’’ कंडक्टर हात जोडून म्हणाले, ‘‘आजी, एकच सवलत. पंचाहत्तर पुरी करा, मग फुकट नेतो.’’ ‘‘चार वर्षं राहिली,’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘गाडी चालू ठेवा.’’

पुलावर त्यांनी कयाधूला हात जोडले. त्यानंतर औंढा येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, गाडी लागली असेल. ओवा पुढे केला, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. हळदीचा वास आला तेव्हा त्यांनी काच आणखी मागे सारली. मी बाजूने बघत होते. पन्नास वर्षांपूर्वी या बाई लग्न होऊन हिंगोलीला आल्या. सासरे रोज कामावर गाडीने जायचे. त्यांचा डबा भरायचं काम यांचं.

दर्शन झालं, पायऱ्या त्या माझा हात धरून उतरल्या आणि चढल्या. मी शाळेत गेले, त्या देवळाच्या आवारात बसून राहिल्या. परतीच्या गाडीत पुन्हा खिडकीशी बसल्यावर त्या आपणच बोलल्या. ‘‘मी गाडीत बसले ती लग्नाला, नाहीतर बाळंतपणाला, नाहीतर कुणाच्या मयताला. मांडीवर लेकरू नाहीतर पायाशी पिशवी. नुसतं बसायचं म्हणून कधी बसले नव्हते गं.’’ थोड्या वेळाने विचारलं, ‘‘तुला रोज असं बसायला मिळतं?’’

मी ‘हो’ म्हटलं. खोटं कशाला बोलू?

त्या रात्री जेवताना ह्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, ‘‘मग, बाईंना काय कळवायचं?’’ मी काही बोलण्याआधी सासूबाई ताटातली भाकरी मोडत म्हणाल्या, ‘‘जवळची शाळा कुठं पळून जाती? पोराला ताप असला की तू रजा घ्यायची, एकदा तू, एकदा ती. माझ्यानं एकटीनं होत नाही आता.’’ हे आईकडे बघतच राहिले. मग म्हणाले, ‘‘बरं.’’ पाऊस फार असेल त्या दिवशी मी जायचं नाही, हेही ठरलं. त्या दिवसाचे पैसे बुडतात, ते बुडू द्यायचे. कॅलेंडरच्या मागच्या हिशेबात मी ते आता धरूनच ठेवले आहेत.

शनिवारी मी बाईंना जाऊन नकार सांगितला. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, औंढ्याच्या मुलांचं वर्ष मध्येच कसं सोडू. हे अर्धंच खरं होतं. त्या चांगल्या आहेत, रागावल्या नाहीत. पण ‘‘पुढच्या वर्षी जागा असेलच असं नाही हं,’’ असं त्यांनी दारात उभं राहून दोनदा सांगितलं. परत येताना चार मिनिटांचा तो रस्ता मला फार लांब वाटला. मी चूक केली असेन, तर ती मला जूननंतर कळेल.

काल पर्समध्ये सुटे पैसे शोधत होते, तर आतल्या कप्प्यात एक रुमाल सापडला. पांढरा, जुन्या पद्धतीची निळी किनार असलेला, घडी करकरीत. माझा नव्हे. सासूबाईंना विचारलं, तर त्या देवापुढची फुलं सारखी करत म्हणाल्या, ‘‘राहू दे तुझ्यापाशी. येत्या बुधवारी दोन जागा धर.’’